हाक माझी होती

प्रिय मनालीचे बाबा,

वर तुमचं नाव लिहिलं नाही म्हणून रागावू नका. लग्नात सगळ्यांनी धरून बसवलं तेव्हा उखाण्यात एकदा घेतलं होतं, त्यानंतर ते माझ्या तोंडात आलेलं नाही. मग कागदावर तरी कसं येणार? आणि ज्या हाकेनं तुम्हाला जन्मभर बोलावलं ती लिहावी म्हटलं, तर ती आता माझी राहिलीय कुठे? ती तुम्ही गावभर वाटलीत. गावभर कसली, अख्ख्या महाराष्ट्राला वाटलीत!

उद्या तुमचा वाढदिवस. रेडिओवाले तुमच्याच सकाळच्या वेळेला खास कार्यक्रम करतायत आणि मला बोलावलंय. कार्यक्रमात तुम्ही बाईच्या आवाजात करायचात ती हिरू त्यांना बंद करायची नाही. दुसऱ्या एका मुलीच्या आवाजात ती पुढे चालू ठेवायची, आणि मी माइकसमोर बसून सगळ्यांच्या देखत हिरू त्या मुलीच्या ओटीत घालायची, असं त्यांचं ठरलंय. "वहिनी, तुम्ही फक्त दोन वाक्यं बोला, बाकी आम्ही सांभाळतो," तिथले साहेब म्हणाले. दोन वाक्यं! सकाळपासून ती घोकतेय, तोंडात बसत नाहीत. चहा केला, गार झाला. परत केला, परत गार झाला. गॅलरीत जाऊन उभी राहिले तर डोक्यावरून विमान गेलं. ही नव्या विमानतळाची विमानं मनात आलेलं पुरतं मनात राहूही देत नाहीत मेली. मनाली बँकेत कामाला गेलीय, घरात मी आणि पंखा. शेवटी कागद घेतला. तुमच्याशी भांडल्याशिवाय मला उद्या तिथे जाता येणार नाही.

वाचताना तुम्हाला वाटेल, ही कधीपासून असं छापील बोलायला लागली? तुम्ही गेल्यापासून. भाजीवालीशी, लिफ्टमध्ये, बँकेत, मनालीच्या मैत्रिणींशी, सगळीकडे मी आता बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी बोलते. "ही कोथिंबीर ताजी आहे का?" असं विचारलं परवा. आपली जुनी भाजीवाली जुडी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. "हिरे, तुजी तब्बेत बरी हाय ना?" म्हणाली. काय सांगू तिला? माझं बोलणं मीच कुलुपात घालून ठेवलंय म्हणून?

का घातलं, ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही तिथेच होतात, पण तुम्हाला माहीत नाही.

तुम्हाला गावच्या घरी आणलं होतं. अंगणात ठेवलं होतं. माणसं कुठपर्यंत होती म्हणून सांगू! देवळापर्यंत. कोनपासून उरणपर्यंतची गावं लोटली होती, खारघर-कळंबोलीचे टॉवरवाले लोकसुद्धा गाड्या लांब लावून चालत आले होते. उचलायची वेळ झाली. चौघं पुढे झाले. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी एकदम तुमच्या अंगावर पडले आणि हाक मारली. दुसरी कुठली हाक मारणार होते? मला एकच येते. "अवो! अवो, आयकताव ना?"

आणि मागून गर्दीतून उत्तर आलं. "नाय गो, बाय!"

एकट्याचं नव्हतं ते. पहिला आवाज एकाचा होता, मग त्याच्यामागे दहा-पंधरा जणांचा, सवयीनं, तोंडातून निसटलेला. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग असं शांत झालं, की मला वाटलं मी बहिरी झाले. ज्यांच्या तोंडून गेलं त्यांनी तोंडावर हात घेतले. एक म्हातारा स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता. मुद्दाम कुणी केलं नव्हतं हो, मला कळतं. इतकी वर्षं तुम्हीच त्यांना शिकवलं होतं, की हिरूनं हाक मारली की असं उत्तर द्यायचं. त्यांनी दिलं.

पण मी हिरू नव्हते ना! मी माझ्या नवऱ्याला हाक मारत होते.

पहिला आवाज कुणाचा होता सांगू? तुमच्या बाळूचा. भोंगेवाल्या बाळूचा. तुमच्या डोक्याशी उभा होता, डोळे लाल झालेले, आणि तोंडातून तेच गेलं. त्या दिवसापासून तो आपल्या दारात आलेला नाही. बाराव्यालासुद्धा बायकोलाच पाठवलं.

थांबा जरा. पंखा फार आवाज करतोय.

तर मी म्हणत होते, सगळा घोळ त्या बाळूच्या भोंग्यानंच केला. भात कापून झालं की आमच्या कोनला शेतं मोकळी व्हायची आणि टेनिस बॉलचे सामने सुरू व्हायचे. भोंगा आंब्याला बांधलेला. मी मागच्या दारी बोंबील साफ करत बसले होते आणि भोंग्यातून एक आवाज आला, "आऊट! अरं, याच्या आयशीला कोनीतरी सांगा, भाकरी थापाला घे, पोर निगाला घरी!" मी अशी हसले, की हातातला बोंबील मांजरानं नेला तरी कळलं नाही. आई आतून ओरडली, "कोन हाय त्यो मेला?" त्याच मेल्याला पुढे तिनं जावई करून घेतलं. तुमचं तोंड बघायच्या आधी मी तुमचा आवाज ऐकला होता. बाकीचे कॉमेंटरी करणारे सगळे रेडिओसारखं बोलायचे, "फलंदाजाने सुरेख फटका मारला आहे." तुम्ही आमच्यासारखं बोलायचात. मिठागरावर काम करणाऱ्या बापाचा मुलगा, दहावी जेमतेम, आणि माइक हातात आला की राजा!

मग हळदी. आपल्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, आणि पनवेलपासून उरणपर्यंतची कुठलीही हळद माइकवर तुम्ही असल्याशिवाय व्हायची नाही. नवऱ्याच्या मामाला चिमटे काढायचात, करवल्यांची फिरकी घ्यायचात, रुसलेल्या आत्याला नाव घेऊन मांडवात नाचायला लावायचात. ज्याची थट्टा केलीत तोच शेवटी येऊन मिठी मारायचा. अशाच एका हळदीत नवरदेवाचा मित्र म्हणून रेडिओतला माणूस आला होता. आठवड्यात बोलावणं आलं.

आणि पहिल्या दिवशी काय केलंत? इस्त्रीचा शर्ट घातलात आणि इस्त्रीचंच बोललात. "नमस्कार श्रोतेहो, आज आपण भेटणार आहोत." मी इथे पाटावर बसून ऐकत होते, मला कळेना हा कोण माणूस! एक फोन आला नाही कार्यक्रमाला. घरी आलात ते तोंड पाडून, जेवायला बसलात आणि ताटात बोटं फिरवत राहिलात. मी विळीवर जिताडा मासा कापत होते. तिथूनच ओरडले, "अवो, आयकताव ना? त्या पेटीत बसून दुसऱ्याच्या तोंडानं कनाला बोलताव? तुमचं तोंड काय उंदरांनी नेलं?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मग हसायला लागलात आणि दोन घास जास्त जेवलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओतून माझाच आवाज आला. म्हणजे तुमचा, पण माझा. तोच हेल, तेच उंदीर, तोच जिताडा. "आमची हिरू बोलली" असं म्हणून तुम्ही सगळं जसंच्या तसं सांगितलंत. फोनवर फोन! साहेबांनी म्हणे तुम्हाला खुर्चीवरून उठूच दिलं नाही. मी विळी तशीच धरून बसले होते, लाजले, हसले, आणि खरं सांगायचं तर फुलले. का नाही फुलणार? माझं नाव हिरा. त्याचं हिरू करून तुम्ही मला पेटीत नेऊन बसवलंत.

तुम्ही मोठं काम केलंत, ते मी नाकारत नाही. तुमच्याआधी आम्ही बायका पनवेलच्या बाजारात, दवाखान्यात, बँकेत तोंड आवळून बोलायचो. "हाय-नाय" केलं की काउंटरवरचा माणूस चष्म्यावरून बघायचा. तुम्ही तेच हाय-नाय सकाळी सकाळी सगळ्यांच्या स्वयंपाकघरात पोचवलंत. पुढे टीव्हीवर गेलात, पुण्या-नाशिकच्या स्टेजवर गेलात, पण बोललात तसेच. गावच्या म्हाताऱ्या माझे हात धरून सांगायच्या, "आमचं बोलनं रेडिओत आयलं गो!" त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. ते मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर भांडण सोपं झालं असतं.

पण हिरू वाढत गेली आणि मी लहान होत गेले, हे तुम्हाला कधी दिसलं का?

नाट्यगृहात तुमचा पहिला मोठा प्रयोग. माझी अंजिरी साडी कपाटातून काढून नेसलात. मला न विचारता! आणि नेसलात ती माझ्याहून चापूनचोपून. पदर खोचून, कमरेवर हात ठेवून समोर आलात आणि हाक मारलीत, "अवो, आयकताव ना?" बाळू आवाजाच्या खोक्याशी बसला होता. तो तिथून गमतीनं ओरडला, "नाय गो, बाय!" झालं. पुढच्या प्रयोगापासून सगळं थिएटर ओरडायला लागलं. लोक त्यासाठीच यायचे. हिरूनं विचारायचं आणि हजार माणसांनी नाही म्हणायचं. मी पहिल्या रांगेत बसून हसायचे. बाजूची बाई मला कोपर मारून विचारायची, "तुम्ही घरी खरंच असं ओरडता?" मी म्हणायचे, "हो ना." काय म्हणणार?

लोक हिरूला साड्या पाठवायचे. पैठण्या काय, इरकली काय! त्या घरी यायच्या, वर चिठ्ठी, 'हिरूताईंना प्रेमाने'. मी त्यातली एक तरी नेसले का? तुम्ही विचारायचात, "नेस ना, पडून राहिल्यात." मी म्हणायचे, "जिच्या हाईत तिला नेसवा." तुम्ही हसायचात आणि ते वाक्यसुद्धा दुसऱ्या दिवशी रेडिओवर जायचं. अजून कपाटभर पडल्यात. मनाली म्हणते, वाटून टाकू. कुणाच्या म्हणून वाटू?

आणि ती शाळेची गोष्ट. तिची तर मी वाटच बघत होते लिहायची.

मनाली सातवीत होती. चार दिवस तापानं फणफणली होती, परीक्षा बुडणार होती, म्हणून मी बाईंना सांगायला गेले. तोंड उघडलं, "बाय, पोरीला लय ताप हाय," आणि बाई हसल्या. वाईट नव्हत्या हो त्या. ओठ दाबून हसू आवरत होत्या. मग शेजारच्या वर्गातल्या बाईंना हाक मारली, "अगं ये, हिरू आलीय!" मी तापाचं सांगतेय आणि दोघी माझं बोलणं ऐकून खूश होतायत! मनाली दारात उभी राहून खाली बघत होती. त्या दिवसापासून माझी पोर कुठेही गेलो की पुढे होते आणि म्हणते, "आई, तू नको बोलू, मी सांगते." अजून म्हणते.

घरी येऊन मी तुमच्यापुढे रडले. हात जोडले, हिरूला बंद करा म्हटलं. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. "अगं, लोकांना तू आवडतेस." "लोकांना मी कुठं ठाऊक हाय?" असं मी म्हटलं होतं. आठवतं? तुम्ही वचन दिलंत. आठवडाभर हिरू आली नाही. मी जिंकले असं वाटलं मला. आणि सोमवारी सकाळी ती परत आली, नाक ओढत, "आमी नाय जा, आमाला बंद करा!" माझं रडणं, माझे जोडलेले हात, माझं वाक्य, सगळं! लोक पोट धरधरून हसले असणार. मी गॅस बंद केला आणि माहेरी निघून गेले.

दोन दिवसांनी न्यायला आलात, भोंगेवाल्या बाळूला घेऊन. अंगणात उभे राहिलात, एक शब्द न बोलता. तुम्हाला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तुम्हीच ना सांगायचात, रेडिओवर चुकलेलं चालतं, शिंकलेलं चालतं, गप्प बसलेलं चालत नाही, माणूस दोन श्वास गप्प राहिला की ऐकणाऱ्याला वाटतं पेटी बंद पडली आणि साहेबाला घाम फुटतो. त्या दिवशी अंगणात तुम्ही एवढा वेळ गप्प राहिलात की आईलाच कसंतरी झालं. तिनं भाकरी वाढली. मी परत आले. पण तुम्ही मला विचारलं नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही. "हिरे, हे सांगू का ग लोकांना?" एवढं विचारायला काय जात होतं तुमचं? मी हो म्हटलं असतं! दहांतल्या नऊ वेळा हो म्हटलं असतं!

उठून पाणी पिऊन आले. रागात अक्षर वाकडं आलंय, समजून घ्या.

आता परवाचं सांगते, म्हणजे उद्याचा पेच कळेल.

साहेबांनी त्या मुलीला माझ्याकडे पाठवलं होतं. तन्वी नाव. रोडपालीला राहते, नाटकाचं शिकलीय, गुणी पोर आहे. आल्या आल्या पाया पडली. तुमच्या फोटोपुढे उभी राहून रडली, खरं रडली. म्हणाली, "काकू, मी लहानपणापासून सरांना ऐकत मोठी झाले. तुम्ही थोडं बोला ना माझ्याशी. मला तुमच्याकडून हिरू शिकायचीय."

मी म्हटलं, "आधी तू करून दाखव."

तिनं ओढणी कमरेला खोचली, हात कमरेवर ठेवला आणि सुरू झाली. काय सांगू तुम्हाला! तुम्हीच. तुमची मान, तुमचा खाकरा, वाक्याच्या शेवटी तुम्ही आवाज चढवायचात तो चढ. ती हिरू म्हणून "अय्या बया बया!" म्हणाली.

"मी असं म्हणत नाही ग," मी म्हटलं.

"काय?"

"बया बया. आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. ते त्यांनी टीव्हीसाठी घातलं होतं."

पोर गोंधळली. क्षणभर माझ्याकडे बघून अगदी सरळ मनानं म्हणाली, "पण काकू, हिरू असंच बोलते."

मी हसायला हवं होतं ना? तुम्ही असतात तर गडाबडा लोळला असतात. पण मी गार पडले हो. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून ती पोर मला माझं बोलणं चुकतंय असं सांगत होती, आणि ती खोटं बोलत नव्हती. हिरू खरंच तशी बोलते. हिरू गेल्या कित्येक वर्षांत माझ्याकडे फिरकलेलीच नाही.

मग मी तिला विचारलं, "तुझी आई कुठली?"

"साताऱ्याकडची."

"ती कशी बोलते? चिडली की काय म्हणते तुला?"

तन्वी आधी लाजली. मग एकदम ताठ बसली, मान जरा तिरकी केली आणि म्हणाली, "आगं ए शहाणे, त्या मोबाईलात तोंड घालून बसलीयास, त्यो काय तुला भाकरी घालनार हाय व्हय?" अहो, काय सांगू! एक बाई माझ्या हॉलमध्ये येऊन बसली, मी तिला कधी पाहिलं नाही पण ती आली. मी हसले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा हसले, आवाज करून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तन्वीपण हसायला लागली. मग मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "हे कर तू रेडिओवर. पण आधी आईला विचार."

"विचारू? आई हो म्हणेल की."

"म्हणेल. तरी विचार."

जाताना चप्पल घालता घालता तिनं मला विचारलं, "काकू, सर तुमचं बोलणं लिहून घ्यायचे का? की नुसतं ऐकायचे?"

मी काहीतरी उत्तर दिलं. पण त्या प्रश्नानं दोन दिवस माझी पाठ सोडलेली नाही. स्वयंपाक करताना तोच, आंघोळ करताना तोच. का ऐकायचात तुम्ही मला? उद्याच्या कार्यक्रमासाठी? दोन घास जास्त जेवायचात ते माझ्या हातच्या कालवणामुळे की सकाळचा मसाला मिळाला म्हणून? तुम्ही माझ्याकडे टक लावून बघायचात तेव्हा नक्की कुणाकडे बघायचात? सांगा ना! आता तर तुम्हाला काही लपवायचं नाही.

आज सकाळी गॅलरीवरून ते विमान गेलं ना, तेव्हा दवाखाना आठवला.

तुमच्या घशात नळी होती. सगळ्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस 'पाणी' म्हणू शकत नव्हता. संध्याकाळी भेटायला सोडायचे तेव्हा मनाली तुमचे पाय चोळायची. पहिल्या दिवशी मी नुसती बसून राहिले. तुम्ही बोटानं माझ्या तोंडाकडे खूण केलीत. मला वाटलं पाणी हवंय. तुम्ही मान हलवलीत आणि परत माझ्या तोंडाकडे. बोल. मग मी सुरू झाले. मच्छीवालीनं पापलेटच्या नावाखाली काय दिलं, लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची बाई तिच्या कुत्र्याशी इंग्रजी कसं बोलते, विमान गेलं की आमटीवरचं झाकण कसं वाजतं. विमानाचं ऐकून तुमचं पोट हलायला लागलं. त्या यंत्रातून टुकटुक सुरू झालं, नर्स धावत आली, "काय झालं, काय झालं?" मनाली म्हणाली, "काही नाही, बाबा हसतायत." नर्स मला रागावली. रोज रागवायची. आणि रोज मी आत आले की तुमचं बोट वर.

तुम्हाला ठाऊक होतं, परत स्टुडिओत जायचं नाही. डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं. म्हणजे त्या दिवसांत माझं एकही वाक्य तुमच्या काही कामाचं नव्हतं. कुठे नेऊन सांगणार नव्हतात, कुणाला हसवणार नव्हतात. तरी ऐकत होतात. शेवटच्या संध्याकाळी तर मी काहीच गमतीचं बोलले नाही, कपडे वाळत घातले, दूध नासलं, एवढंच. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात आणि मी जरा थांबले की बोट वर.

म्हणजे तुम्हाला मी ऐकायला आवडत होते. मी! बाई ग. हे कळायला मला एवढा वेळ लागला आणि तुम्हाला सांगायला उभा जन्म पुरला नाही. रेडिओवर अख्ख्या जगाला सांगत सुटलात, मला नाही सांगितलंत. माझा राग गेलेला नाही, समजलं? शाळेचा गेलेला नाही, सोमवारचा तर मुळीच नाही. पण तो राग आता त्या बोटाच्या बाजूला बसलाय आणि दोघं भांडत नाहीत.

दुपारी तन्वीचा फोन आला, तिनं आईला विचारलंय आणि आई हो म्हणाली. मग मनालीला फोन केला. "उद्या तू माझ्याबरोबर चल, पण मीच बोलणार," म्हटलं. ती म्हणाली, "आई, लोक हसले तर?" मी म्हटलं, "हसू देत ना. तुझ्या बापाचे लोक हाईत, दुसरं काय करतील?" पलीकडून हुंदका आला की हसू आलं, कळलं नाही.

मग बाळूला फोन केला. उचलेना. तिसऱ्यांदा बायकोनं उचलून त्याच्या कानाला लावला असावा. "वयनी," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. मग म्हटलं, "उद्या सकाळी रेडिओवर मी हाक मारनार हाय. तू माज्या बाजूला बसाचा. आणि तोंड उघरलास त बघ!"

बघा, आलं ना बाहेर? कुलूप आपोआपच निघालं. आता तुमच्याशी ते छापील बोलणं पुरे. जीभ दुखाला लागली माजी.

त आयका आता. उद्या मी तुमच्या खुर्चीवर बसनार. ती अंजिरी सारी नेसनार, माजी हाय ती. साहेबाची दोन वाक्यं मी बोलनार नाय. मी सांगनार, हिरू त्यांची व्हती, त्यांच्यासंगती गेली, तिला आता कोनी उठवू नका. ही तन्वी हाय, हिच्या आयशीला हिनं इचारलंय, तिचं आयका. आणि मी हिरा हाय. मना नवरा गेल्याचं दुख हाय, ते मी माज्याच बोलन्यात सांगनार हाय, कोनाला हसाचा त हसूं द्या.

आणि शेवटाला मी तुमाला हाक मारनार. सगल्यांना आधीच सांगनार, बायांनो, बाबांनो, आज कोनी उत्तर देवाचा नाय. ही हाक माज्या नवऱ्याला हाय. मंग हाक मारनार आणि गप्प बसनार. साहेबाला घाम फुटू दे, पेटी बंद पडली असं लोकांना वाटू दे. उत्तर देवाचा त तुमी देवाचा. तवर मी माइक सोरनार नाय, हे माजं वचन हाय तुमाला.

अवो, आयकताव ना?

तुमची,
हिरा